खालच्या खांबांना विचारले नाही : लिटल मॉर्टन हॉलचे लाकूड

माझे वडील सुतार होते. मी पंचविशीत असताना रद्दीच्या दुकानातून इंग्लंडमधल्या जुन्या घरांचे एक चित्रमय पुस्तक आणले होते. त्यातल्या एका पानावर पाण्याने वेढलेले, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे आणि सगळ्या अंगांनी कललेले एक घर होते. मी ते पान मोठ्या कौतुकाने वडिलांपुढे धरले. रंधा बाजूला ठेवून त्यांनी ते बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाले, "वरचा मजला मागाहून चढवलाय. खालच्या खांबांना विचारलं नाही." एवढे बोलून ते पुन्हा कामाला लागले.

ते घर म्हणजे चेशायर काउंटीतले लिटल मॉर्टन हॉल. वडिलांचा शेरा मी तेव्हा हसण्यावारी नेला. इंग्रजी न वाचणाऱ्या माणसाने एका चित्रावरून काढलेला निष्कर्ष म्हणून तो विसरूनही गेलो. पुढे लाकडी बांधकामाचा नाद लागला. मी स्थापत्याचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून, मिळतील ती पुस्तके आणि नकाशे वाचत मी हा विषय शिकलो. या घरावरचे लेखन वाचताना एके दिवशी कळले, की तिसऱ्या मजल्यावरची लांबलचक गॅलरी बांधकाम सुरू झाल्यानंतर सुचलेली असावी असे जाणकारांचे मत आहे. वडील तोवर गेले होते.

काही वर्षांपूर्वी मँचेस्टरला असलेल्या पुतण्याने मला ते घर दाखवून आणले. त्या भेटीनंतर आणि आधीच्या वाचनानंतर माझे जे मत झाले, ते या लेखात मांडतो आहे. लिटल मॉर्टन हॉलचे जगभर कौतुक होते ते मुख्यतः तीन गोष्टींसाठी : त्याचे वाकडेपण, त्याचे काळे-पांढरे रूप आणि काळाचा हात न लागल्यासारखे त्याचे जुनेपण. माझे म्हणणे असे, की यांतली एकही गोष्ट ते घर बांधणाऱ्यांनी योजलेली नव्हती. त्यांनी जे योजले होते ते आपण पाहतच नाही.

घर आणि त्याचे कर्ते

काँगलटन गावापासून सुमारे सात किलोमीटरवर सपाट शेतजमिनीत हे घर उभे आहे. भोवती दहा मीटर रुंदीचा खंदक आहे. शत्रूला अडवण्यासाठी तो फारसा उपयोगाचा नव्हता. आपली प्रतिष्ठा दाखवण्याची ती एक रीत होती. खंदकावरचा पूल ओलांडून देवडीतून आत गेले, की गोट्यांची फरसबंदी केलेला चौक लागतो. चौकाच्या तीन बाजूंना घराच्या सोप्यांसारख्या ओळी आहेत. विटांची तीन धुराडी आणि नंतर दिलेले काही विटांचे टेकू सोडले, तर सारे घर लाकडी सांगाड्याचे आहे.

सर्वांत जुना भाग विल्यम मॉर्टन याने १५०४ ते १५०८ च्या सुमारास बांधला. त्यात छपरापर्यंत उघडा असलेला मोठा दिवाणखाना आहे. पुढच्या पिढ्यांनी टप्प्याटप्प्याने भर घातली आणि सुमारे १६१० पर्यंत घर आजच्या आकाराला आले. म्हणजे हे एका आराखड्यातून उभे राहिलेले घर नव्हे. शंभर वर्षे ते वाढत राहिले, आणि प्रत्येक पिढीने आधीच्या भिंतीला आपली भिंत जोडली.

या वाढीमागे पैसा होता. १३४८ च्या प्लेगनंतर ओस पडलेल्या जमिनी मॉर्टन घराण्याने घेतल्या. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले, तेव्हाही त्यांच्या जमिनीत भर पडली. सोळाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्याकडे सुमारे १,३६० एकर जमीन, पिठाची चक्की, फळबागा आणि पाण्याच्या जोरावर चालणारे घण असलेली लोखंडाची भट्टी होती. या भट्टीकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

सांधा

लाकडी सांगाड्याचे घर म्हणजे काय, हे मराठी वाचकाला फार समजावून सांगावे लागू नये. आपले वाडे सागवानी खांब आणि तुळयांवरच उभे होते. भार सांगाडा घेतो आणि भिंत केवळ आडोसा करते, हे तत्त्व दोन्हीकडे एकच. इंग्लंडमध्ये लाकूड ओकचे. दोन खांबांमधली जागा भरण्याची जुनी रीत कोकणातल्या माणसाला तर घरचीच वाटेल. ओकच्या उभ्या दांड्या बसवायच्या, त्यांत हेझलच्या लवचीक फांद्या विणायच्या आणि माती, शेण व गवताचे तुकडे कालवून दोन्ही बाजूंनी लिंपायचे. आपण त्याला कूड म्हणतो. इंग्लंडमधल्या जमीनदाराच्या हवेलीत आणि आपल्याकडच्या गरिबाच्या खोपटात भिंत करण्याची युक्ती एकच असावी, याची मला मौज वाटली.

पण ओक आणि सागवान यांच्या वापरात एक मोठा फरक आहे. आपला सुतार लाकूड वर्षानुवर्षे मुरवतो. इंग्लंडचा सुतार ओक ओला असतानाच कापत असे, कारण वाळलेला ओक इतका कठीण होतो की हत्यार चालत नाही. सांगाड्याचे भाग आधी आवारात जमिनीवर मांडून जुळवत. प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरत. मग सगळे सुटे करून जागेवर नेत आणि खुणांप्रमाणे उभे करत. एका लाकडाची कूस दुसऱ्याच्या खाचेत बसे आणि दोन्हींतून आरपार ओकची खुंटी ठोकली जाई. यातली खुबी अशी, की कुशीतले भोक खाचेच्या भोकाशी नेमके जुळवत नसत. ते किंचित आत पाडत. निमुळती खुंटी ठोकली, की ती कुशीला ओढून खाचेत घट्ट बसवते. पुढे लाकूड वाळते, आकसते, थोडे पिळवटते, तरी सांधा सुटत नाही.

"एकही खिळा न वापरता बांधलेले घर" अशा थाटाची वाक्ये जुन्या घरांबद्दल आपण नेहमी वाचतो. जणू लोखंड मिळत नव्हते म्हणून बिचाऱ्यांनी लाकडावर भागवले! इथे मॉर्टनांची भट्टी आठवावी. या घराण्याच्या स्वतःच्या जमिनीवर लोखंड तयार होत होते, तरी घराच्या सांगाड्याचे सांधे ओकच्या खुंट्यांनी जोडलेले आहेत. ओकच्या लाकडात टॅनिन भरपूर असते आणि त्याने लोखंड गंजते. ओल्या ओकमध्ये तर लवकरच. शिवाय लोखंडी खिळा आकसणाऱ्या लाकडाबरोबर हलत नाही, लाकडी खुंटी हलते. खुंटी ही सुताराची निवड होती, नाइलाज नव्हता. कौतुक करायचे तर या निवडीचे करावे.

त्या सुतारांपैकी एकाचे नाव आपल्याला ठाऊक आहे, ही या घराची खरी श्रीमंती. १५५९ साली चौकाच्या बाजूला दुमजली, बाहेर झेपावणाऱ्या काचेच्या खिडक्या बसवल्या गेल्या. एक दिवाणखान्याची, दुसरी शेजारच्या बैठकीची. दोघी इतक्या पुढे आल्या आहेत की वरच्या बाजूला एकमेकींना जवळजवळ टेकतात. काच तेव्हा फार महाग होती, त्यामुळे इतकी काच लावणे म्हणजे पैसा दारावर टांगणेच होते. या खिडक्यांवर दोन मजकूर कोरलेले आहेत. एकात, देवाचे नाव घेऊन, त्या खिडक्या विल्यम मॉर्टनने १५५९ साली केल्या असे म्हटले आहे. दुसऱ्यात, त्या खिडक्या देवाच्या कृपेने रिचर्ड डेल सुताराने केल्या असे आहे.

क्रियापद दोन्हीकडे एकच आहे : केल्या. पैसा देणाऱ्यानेही केल्या आणि हातांनी घडवणाऱ्यानेही केल्या. मालकाच्या नावाच्या जोडीला आपले नाव कोरण्याची मुभा डेलला कशी मिळाली असेल, याचा मी खूप विचार केला. मालकाने ती आनंदाने दिली असेल, तर त्याला आपल्या सुताराचा अभिमान होता असे म्हणावे लागेल. एवढी एक ओळ सोडली, तर या घराला हात लावलेल्या बाकी सगळ्या कारागिरांबद्दल घर गप्प आहे.

वरचा मजला

आता वडिलांच्या शेऱ्याकडे येतो. दक्षिणेची ओळ, म्हणजे देवडीची बाजू, १५६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत उभी राहिली. तिच्या माथ्यावर २१ मीटर लांबीची गॅलरी चढवली गेली. अशा लांब गॅलऱ्या त्या काळी इंग्लंडच्या श्रीमंतांत नव्याने रूढ होत होत्या. पावसाळी दिवसांत तिथे फेऱ्या मारायच्या, खेळायचे, पाहुण्यांना मिरवून आणायचे. मॉर्टनांनाही ती हवी झाली. दोन्ही लांब बाजूंना खिडक्यांच्या पट्ट्या लावल्या. याचा अर्थ, भिंतीला ताठरपणा देणारे लाकूड जिथे हवे तिथे काच आली. आणि या सगळ्यावर छप्पर घातले ते भरड वाळूखडकाच्या जड फरश्यांचे.

परिणाम व्हायचा तोच झाला. छपराच्या वजनाने खालचे मजले वाकले आणि फुगले. गॅलरीत चालताना पायाखालची जमीन बोटीसारखी चढते-उतरते. खिडक्यांच्या चौकटी चौकोनी राहिलेल्या नाहीत. वरच्या कैच्यांना आडव्या तुळया घालून भिंती बाहेर फाकू नयेत असा बंदोबस्त पुढे करावा लागला, आणि आणखी पुढे पोलादी सळयाही आल्या.

इथे दोन प्रकारच्या वाकडेपणात फरक केला पाहिजे. पाहुणे तो करत नाहीत, आणि पुष्कळदा लेखकही करत नाहीत. ओला ओक वाळताना जो वाक येतो तो सुताराने गृहीत धरलेला असतो. सांधा त्यासाठीच तसा असतो. तो वाक म्हणजे लाकडाचा स्वभाव. गॅलरीखालचा वाक मात्र चुकीचा आहे. खालच्या खांबांवर नियोजनात नसलेला बोजा टाकल्यामुळे तो आला. या दोहोंना मिळून "मोहक वाकडेपण" म्हणणे म्हणजे म्हाताऱ्याच्या सुरकुत्या आणि त्याच्या मोडलेल्या पाठीचे मणके यांचे एकाच शब्दात कौतुक करणे होय.

या गॅलरीच्या दोन टोकांच्या त्रिकोणी भिंतींवर गिलाव्यात घडवलेली दोन रंगीत चित्रे आहेत. एकीकडे दैवाचे चाक, दुसरीकडे नियती. सोबतच्या मजकुराचा भावार्थ असा, की दैवाच्या चाकावर अज्ञानाचे राज्य असते आणि नियतीवर ज्ञानाचे. दैवाचे चित्र रॉबर्ट रेकॉर्डच्या 'द कासल ऑफ नॉलेज' या १५५६ च्या खगोलविषयक ग्रंथातल्या चित्रावरून घेतले आहे. हा तोच रेकॉर्ड, ज्याने १५५७ साली गणिताला बरोबरीचे चिन्ह दिले. नवे पुस्तक छापून चार-सहा वर्षे होतात न होतात, तोच त्यातले चित्र गावाकडच्या एका जमीनदाराच्या भिंतीवर येते. मॉर्टन नव्या विद्येच्या किती जवळ राहू पाहत होते, हे यातून कळते. आणि ज्ञानाचा हा महिमा नेमका त्याच खोलीत लिहिला गेला, जिच्या भाराचा हिशेब कुणी केला नव्हता. त्या दोन चित्रांच्या मधोमध, उंचसखल फळ्यांवर उभा असताना मला वडिलांची फार आठवण आली.

मॉर्टनांना मी यात हसत नाही. त्या काळी भाराचे गणित नव्हतेच, जो हिशेब असे तो सुताराच्या हातात आणि नजरेत असे. प्रश्न एवढाच, की ती नजर असलेल्या माणसाला वेळीच विचारले गेले का. तो नको म्हणाला असेल आणि मालकाने ऐकले नसेल, असेही घडले असेल. घराच्या लाकडावर याचा निकाल कुठेच कोरलेला नाही.

काळे आणि पांढरे

घराच्या बाहेरच्या अंगावर लाकडाची जी नक्षी आहे, तिच्यात शंकरपाळ्याचे आकार आहेत, माशाच्या काट्यासारख्या तिरक्या पट्ट्या आहेत, चार पाकळ्यांची फुले आहेत. भार पेलण्यासाठी यातले बरेचसे लाकूड लागत नाही. आमच्याकडे लाकूड किती आहे ते पाहा, हे सांगण्यासाठी ते लावलेले आहे. हा थाट मूळचाच. पण आज तो ज्या रंगांत दिसतो ते रंग मूळचे नव्हेत. ओकचे लाकूड रंग न देता उघडे ठेवत आणि ऊनपावसाने ते रुपेरी करडे होई. मधल्या गिलाव्याला पिवळसर गेरूसारखा रंग असे. लाकूड काळे करायचे आणि गिलावा पांढराफेक ठेवायचा, ही आवड एकोणिसाव्या शतकातल्या व्हिक्टोरियन लोकांची.

म्हणजे ज्या रूपाला आपण अस्सल ट्यूडर म्हणतो, ते ट्यूडर घराचे व्हिक्टोरियन वाचन आहे. मूळचे घर भोवतालच्या शेतांच्या आणि मातीच्या रंगांत मिसळून जाणारे असणार. आजचे घर त्या हिरवळीतून एखाद्या छापील चित्रासारखे वेगळे उठून दिसते. हेच काळे-पांढरे रूप नमुना म्हणून पुढे पसरत गेले. चेस्टर शहरातल्या चौकातली जुनी भासणारी कितीतरी दर्शनी रूपे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहेत. जर्मनीत पॉट्सडॅमला राजपुत्रासाठी १९१७ साली पूर्ण झालेला सेसिलिएनहोफ प्रासाद इंग्रजी ट्यूडर घराच्या धर्तीवर बांधला गेला, आणि १९४५ साली स्टालिन, ट्रूमन आणि चर्चिल, नंतर त्यांच्या जागी आलेले अ‍ॅटली, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जगाची वाटणी करायला तिथेच बसले होते.

या नकलांमधली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. जुन्या लाकडी घरांबद्दल इंग्लंडात गावोगाव सांगतात, की त्यांच्या तुळया मोडीत काढलेल्या जहाजांच्या आहेत. अभ्यासकांनी ही समजूत कधीच खोडून काढली आहे. घरासाठी ओला ओक जवळच्या रानातून मिळत असताना समुद्रावरून मुरलेले, कठीण झालेले लाकूड कोण आणील? पण लंडनमधल्या लिबर्टी या दुकानाची १९२४ ची ट्यूडर धर्तीची इमारत मात्र खरोखरच दोन युद्धनौकांच्या लाकडातून बांधली गेली. एका नौकेचे नाव इम्प्रेग्नेबल, दुसरीचे हिंदुस्तान. दंतकथा मूळ घरांच्या बाबतीत खोटी होती. नकलेने ती खरी करून दाखवली.

कर्जाचे उपकार

मग मूळ घर इतके न बदललेले कसे राहिले? याचे उत्तर काही फार उदात्त नाही. यादवी युद्धात मॉर्टन राजाच्या बाजूचे होते. १६४३ साली पार्लमेंटच्या बाजूने घर ताब्यात घेऊन तिथे सैनिक ठेवले. घर परत मिळाले, पण पैसा गेला तो गेलाच. १६५४ साली घरधनी वारला तेव्हा तीन ते चार हजार पौंडांचे कर्ज मागे होते आणि वारसांना उरलेली जमीन गहाण टाकावी लागली. १६७० च्या दशकाच्या अखेरीस हे कुटुंब तिथे राहतही नव्हते. घर कुळांना दिले गेले.

ज्या घराण्यांकडे अठराव्या शतकात पैसा होता, त्यांतल्या अनेकांनी आपली जुनी लाकडी घरे पाडली किंवा त्यांना विटांचे नवे दर्शनी रूप दिले. मॉर्टनांना ते परवडले नाही. १८४७ च्या सुमारास बहुतेक घर रिकामे होते आणि प्रार्थनागृहात कोळसा साठवत. १८४१ पासून घर कसणाऱ्या कुळाचे आडनाव होते डेल. सुतार रिचर्डचा आणि त्यांचा संबंध जोडायला आधार नाही, पण हे कुटुंब शंभर वर्षांहून अधिक काळ तिथे राहिले. आपण आज ज्याला जतन म्हणतो, त्यातले पुष्कळसे अशा कुळांनी गळती झाली तिथे बादली ठेवून केलेले असते.

१८९२ साली घर एलिझाबेथ मॉर्टन यांच्याकडे आले. त्या अँग्लिकन पंथाच्या जोगीण होत्या. त्यांनी प्रार्थनागृह पुन्हा उभे केले. १९१२ साली घर कधीही विकायचे नाही या अटीवर त्यांनी ते आपले नातलग, डर्बीचे बिशप चार्ल्स अब्राहम यांना दिले. बिशपनी ते लोकांना सहा पेनी घेऊन पाहायला खुले केले आणि १९३८ साली नॅशनल ट्रस्टच्या हवाली केले.

दुर्लक्षाने काय वाचते याचे एक उदाहरण घरातच आहे. १९७६ साली बैठकीतल्या जॉर्जियन काळातल्या लाकडी तक्तपोशीमागे जुनी भित्तिचित्रे सापडली. वर सुझॅनाच्या बायबलातल्या कथेचा पट्टा, आणि खाली रंगवलेली नकली लाकडी तक्तपोशी! खऱ्या लाकडाच्या घरात भिंतीवर लाकडाचे सोंग रंगवले होते, आणि पुढे खरे लाकूड त्यावर ठोकल्यामुळे ते सोंग वाचले. मॉर्टनांना सोंगाचे वावडे नव्हते, हेही यातून दिसते. 'अस्सल' नावाचे आपले सोवळे त्यांच्या डोक्यात नव्हते.

काय जपायचे?

आता टीकाकार म्हणून मला जो प्रश्न टाळता येत नाही, तो असा. वाकडेपण चूक होती, काळेपण उसने होते, जुनेपण कर्जातून आले. मग गॅलरी सरळ करावी का? लाकूड पुन्हा करडे होऊ द्यावे का?

गॅलरी सरळ करणे हा मूर्खपणा ठरेल. साडेचारशे वर्षांत प्रत्येक लाकूड त्या वाकातच वाळले आहे. जबरदस्तीने सरळ करू गेले, तर वाक जाणार नाही, सांधे तुटतील. चुकलेला भारही आता घराच्या तोलाचा भाग झाला आहे. म्हणून आज तिथे वाक आहे तिथेच थोपवून धरण्याचे धोरण आहे, आणि ते मला पटते. रंगाच्या बाबतीत मी एवढा ठाम नाही. निदान एक भिंत तरी मूळच्या रंगांत दाखवावी, म्हणजे येणाऱ्याला कळेल की आपण जे चित्र मनात घेऊन आलो होतो ते दुसऱ्याच कुणी रंगवलेले होते, असे मला वाटते.

माझी मुख्य तक्रार मात्र घराबद्दल नाही, आपल्या पाहण्याबद्दल आहे. जुनी वास्तू दिसली की आपण हळवे होतो आणि तिच्यातली चूक, तिच्यातला मोठेपणाचा हव्यास, तिच्यावर झालेले उपकार हे सगळे एकाच "वारसा" या शब्दात कोंबतो. त्यात ज्याने विचार करून खुंटीचे भोक एक दोरा आत पाडले त्याचे काम हरवते. लिटल मॉर्टन हॉलमध्ये पाहण्यासारखे सर्वांत मोठे काही असेल, तर ते हे, की चुकीचा भार पडूनही डेलसारख्या सुतारांचे सांधे सुटले नाहीत. घर कलले, फुगले, पण पडले नाही.

परत येताना मी त्या चौकात पुन्हा थांबून १५५९ ची ती ओळ पाहिली. पुतण्याने तिच्यासकट माझा फोटो काढला. गावी आल्यावर मी वडिलांनी घडवलेली दारे शोधत हिंडलो. चार उरली आहेत. त्यांतल्या तिघांच्या गणेशपट्टीवर नावे कोरलेली आहेत, सगळी मालकांची. चौथीवर काहीच नाही. पण तिची चौकट अजून गुण्यात आहे.